दोन हिरवी, दोन तांबडी पाती

माझ्या पात्यांना लोक 'लोकल' म्हणायचे. हा शब्द मला अजून टोचतो. ज्या शहरात मी पत्रा कापला, वाकवला, भोकं पाडली, रंग मारला, त्याच शहरात माझ्या मालाला लोकल म्हणून नाक मुरडायचं. आणि कुठून तरी लांबून ट्रकमध्ये आदळत-आपटत आलेल्या मालाला 'कंपनीचा' म्हणून डोक्यावर घ्यायचं. कंपनी म्हणजे तरी काय? तिथंही माझ्यासारखाच कुणीतरी प्रेसवर वाकलेला असणार. फक्त त्याचं गाव लांब होतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मळणी झाली की धान्याला वारं द्यायला तेव्हा आमच्या भागात हातानं फिरवायचा पंखा असायचा. लोखंडी चौकट, मधल्या चकतीवर पत्र्याची चार पाती, सायकलची चेन आणि बाजूला हँडल. एकीनं हँडल फिरवायचं, दुसरीनं पंख्यापुढं उभं राहून बुट्टीतनं धान्य हळूहळू सोडायचं. दाणा पायाशी पडतो, फोलपट लांब जातं. चौकट वर्षानुवर्षं टिकायची, पण पाती वाकायची, गंजायची, त्यांवर बैलाचा पाय पडायचा. मग नवा सेट घ्यायचा. बाजारात सेट दोनच होते. कंपनीचा हिरवा आणि माझा तांबडा.

मी मूळचा गडमुडशिंगीचा. सायकल मारत शहरातल्या उद्यमनगरात कारखान्यात जायचो, दुसऱ्याच्या पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचो. पुढं शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात एक खोली भाड्यानं घेतली आणि स्वतःची जुनी प्रेस टाकली. मला कुणी हात दिला नाही, मीही कुणापुढं पसरला नाही. जे शिकलो ते भांडून आणि घासाघीस करून शिकलो. पत्र्याच्या व्यापाऱ्याशी मी इतका वाद घालायचो, की मी लांबून दिसलो तरी तो गल्ल्याला कुलूप लावून चहाला जायचा.

दोन्ही पाती मी शेजारी ठेवून किती वेळा पाहिली असतील! कंपनीचं पातं पातळ, गुळगुळीत, पीळ अगदी बेताचा. माझं पातं जाड पत्र्याचं आणि चांगला पीळ दिलेलं. पीळ जास्त म्हणजे वारं जास्त, हे उघड होतं. माझ्या खोलीत पंखा फिरवला की समोरच्या घराच्या दोरीवरचे कपडे उडायचे. शेजारीण शिव्या द्यायची, मी खूश व्हायचो. माझा माल सरस होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. अडचण एकच होती. कोडोलीतला दुकानदार.

त्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांचं सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडं जायचं. माणूस सीमेकडचा, घरी कानडी बोलणारा, जिभेवर साखर. ग्राहक असो, हमाल असो, सगळ्यांना 'अण्णा'. मी वर्षातून कितीदा तरी पाती घेऊन त्याच्या दारात जायचो आणि तो मला चहा पाजून परत पाठवायचा.

"अण्णा, तुझं पातं वाईट हाय असं मी कुठं म्हणतोय?" तो म्हणायचा. "पर लोकल हाय की."

"मग तुमची भाकरी लोकल न्हाय? ती काय लांबनं येती?"

"भाकरी खपती, अण्णा. तुझं पातं खपायचं न्हाय."

मी तावातावानं उठायचो आणि चहा अर्धा टाकून निघायचो. पुढच्या महिन्यात परत हजर.

असाच एकदा गेलतो, तेव्हा दुकानात एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नवरा वारलेला, स्वतः शेती बघणाऱ्या, अख्खं गाव त्यांना आक्का म्हणायचं. टेम्पो मागं घेताना त्यांच्या पंख्यावर गेला होता आणि चारांतली दोन पाती चेपली होती. त्यांना दोनच पाती हवी होती.

"सेट फोडत न्हाय आक्का," दुकानदार म्हणाला.

"मोडली दोन, मग चार कशाला घिऊ?"

"उरलेली दोन मी कुणाला इकू?"

आक्का माझ्याकडं वळल्या. "आन् तू रं? तुझ्या पिशवीत बी पातीच हाईत न्हवं?"

"माझाबी सेटच हाय, आक्का," मी म्हणालो. बाकी कशावरही आमचं पटत नव्हतं, पण सेट फोडायचा नाही यावर तो आणि मी सख्ख्या भावासारखे एक होतो. पात्यांचं वजन सारखं पाहिजे, पीळ सारखा पाहिजे, नाहीतर पंखा थरथरतो, बोल्ट ढिले होतात, एखादं पातं सुटून कुणाच्या अंगावर जातं. धंद्यातल्या कुणीही हेच सांगितलं असतं.

आक्कांनी आम्हा दोघांकडं पाहिलं. "मग असं करा. परवा माझ्या खळ्यावर या दोघं. भात पडलंय. ज्येचं वारं बरं, त्येची पाती मी घेतो. उगं हितं तोंडाची वाफ नको."

मला हेच हवं होतं. मी दुकानदाराला म्हणालो, "माझं वारं बरं ठरलं, तर माझी पाती तुमच्या काउंटरवर. फुडं. हिरव्याच्या शेजारी. हरलो, तर ह्या गावात पाती घेऊन परत पाय ठेवणार न्हाय."

"शप्पथ?"

"शप्पथ."

त्यानं हसत माझ्या हातावर टाळी दिली. कोडोलीचं दुकान गेलं असतं, तर पन्हाळ्याकडचा सगळा पट्टा माझ्या हातून गेला असता. आणि तेव्हा माझ्याकडं दुसरा पट्टा नव्हता.

आता आमच्याकडं एकदा पैज लागली, की माणूस डोक्यानं कमी आणि ईर्षेनं जास्त चालतो. मी विचार केला, पंखा जितका जोरात फिरेल तितकं वारं. मग फिरवायला माणूस कसा हवा? मी तालमीत गेलो आणि तिथला सगळ्यांत दांडगा पैलवान ठरवला. एसटीत त्याला बाकावर दोघांची जागा लागली. कंडक्टर म्हणाला, "पावणं, ह्यांचं फुल्ल आन् हाफ काढा." पैलवान खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला वाटत होतं, गावच्या कुस्तीला चाललोय.

खळ्यावर पोचलो आणि पहिला धक्का तिथंच बसला. आक्कांच्या घरची रीत अशी, की रास पडली की तिच्यापुढं आवाज चढवायचा नाही. भांडण तर नाहीच नाही. राशीतली लक्ष्मी उठून जाते म्हणे. चपला बांधाबाहेर काढायला लावून त्यांनी आम्हाला बजावलं, "काय बोलायचं त्ये हळू. ज्येचा आवाज चढंल, त्येनं चपला घालून वाट धरायची."

मला! आयुष्यात मी हळू आवाजात काही विकलेलं नव्हतं.

पहिल्यांदा दुकानदाराचा पंखा. त्यानं दुकानातला गडी आणला होता. हिरवी पाती सुर्रर्र फिरली. आक्कांच्या सुनेनं बुट्टी उंच धरून भात सोडलं. दाणा सरळ खाली, फोलपट थोडं पुढं. चांगलं, पण त्यात जोर नव्हता.

"बघा," मी दुकानदाराच्या कानाशी कुजबुजलो, "तुमच्या कंपनीला दमा झालाय."

"तुझं बघू की अण्णा," तोही कुजबुजला. "आधी थोबाड आवर."

मग माझा पंखा. पैलवानानं शर्ट काढला, मांडीवर थाप मारली. आक्कांनी डोळे वटारले, तेव्हा दुसरी थाप त्यानं हवेतच थांबवली. हँडल धरलं आणि फिरवलं.

मी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. पंख्याचा आवाज विमानासारखा झाला. सुनेनं भात सोडलं आणि ते खाली आलंच नाही. फोलपट, दाणा, पेंढ्याचे तुकडे, सगळं एकदम उठलं, ताडपत्री ओलांडून गेलं आणि शेजारच्या उसात शिरलं. सुनेच्या डोक्यावरचा पदर मागं उडाला. कोंबड्या पंख पसरून बांधापर्यंत पळाल्या. पैलवान डोळे मिटून फिरवतच होता.

"थांबीव! थांबीव त्येला!" आक्का कुजबुजल्या. इतक्या रागानं कुजबुजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. "अरं माझं सोन्यासारखं भात उसात घातलंस की रं!"

"वारं बघा की, आक्का," मीही कुजबुजत म्हणालो. "असलं वारं कधी बघितलंसा?"

"मला वारं न्हाय खायाचं, भात खायाचं हाय! आन् ह्यो पैलवान रोज येणार हाय व्हय माझ्या खळ्यावर? त्येच्या खुराकाला माझी रास पुरंल का?"

पैलवानानं मान खाली घातली. दुकानदार तोंडावर टॉवेल दाबून हलत होता. मी आतून पेटलो होतो, पण ओरडता येत नव्हतं. रागानं कान गरम होतात हे खरं आहे. मला ते जाणवत होतं.

"आता आमच्या बायका फिरवत्याल," आक्का म्हणाल्या. "खळ्यावर रोज त्याच असत्यात."

सून माझ्या पंख्याच्या हँडलला लागली. सुरुवातीला तिनं दात आवळून फिरवलं आणि वारं झकास आलं, दाणा आणि फोलपट मधोमध भांग पाडल्यासारखं वेगळं झालं. मी दुकानदाराकडं पाहून भुवया उडवल्या. पण दोन बुट्ट्या झाल्या नाहीत तोवर तिनं हात बदलला. मग परत बदलला. मग हँडल सोडून खांदा चोळायला लागली.

"पंखा हाय का उसाचा चरक?" ती सासूला म्हणाली. "मी काय बैल हाय?"

मी थक्क झालो. वर्षानुवर्षं मी ही पाती बनवत होतो आणि माझ्या खोलीत तासन्‌तास फिरवून बघत होतो. पण माझे हात प्रेसवर घट्ट झालेले. बाईचा दंड या हिशेबात मी कधी धरलाच नव्हता. हल्ली लग्नाचं शूटिंग करणारे ड्रोनच्या पात्यांवरून अशीच हुज्जत घालताना ऐकतो. सोबत आलेली पाती बरी की बाजारातली जोरकस बरी? जोरकस पाती घातली की ड्रोन जोरात उठतो म्हणे, पण मोटर तापते आणि बॅटरी लवकर बसते. त्या सुनेची बॅटरी दोन बुट्ट्यांत बसली होती.

"हरलास, अण्णा," दुकानदार माझ्या कानात म्हणाला.

"गप बसा. अजून तुमचं बायकांनी फिरवलेलं न्हाय."

खरंच नव्हतं. सून हिरव्या पंख्याला लागली. हलका चालला, हसत-बोलत फिरवला तिनं. पण भात रात्रीच्या दवानं थोडं दमट होतं आणि गड्याइतका वेग तिच्या हाताला नव्हता. फोलपट उडून राशीच्या काठावरच पडायला लागलं. म्हणजे तेच भात परत उचलून परत वारं द्यायला लागणार.

"ह्येचं वारं म्हंजी म्हाताऱ्यानं चहा फुंकावा तसं," आक्का म्हणाल्या. आता टॉवेल माझ्या तोंडावर होता.

ऊन वर यायला लागलं होतं. आक्कांनी आपला जुना पंखा गोठ्यातनं ओढून आणला. त्यावर कंपनीची दोन हिरवी पाती धड होती, दोन चेपलेली. त्या मला म्हणाल्या, "तुझ्यातली दोन काढ."

"कशाला?"

"ह्येच्यात बसीव."

जाड-पातळ, कमी पीळ-जास्त पीळ, सगळं एका चकतीवर? "आक्का, पंखा उलटंल," मी म्हणालो. "पातं सुटंल, कुणाचं तरी मुंडकं जाईल."

"व्हय आक्का," दुकानदारही घाईघाईनं म्हणाला. "ह्यो बरोबर सांगतोय." त्यानं माझी बाजू घेतलेली ती पहिली आणि शेवटची वेळ.

"मुंडकं गेलं तर माझं जाईल. मला दोनच पाती पायजेत आन् दोनच घेणार. बसीव."

त्यात शहाणपण कसलंही नव्हतं, मी आजही सांगतो. निव्वळ चिक्कूपणा. चार घ्यायला लागू नयेत म्हणून चाललेला हट्ट. मी चरफडत चेपलेली पाती सोडवली. ती एकमेकांसमोरची होती, त्यामुळं माझी दोन तांबडी पण समोरासमोर बसली. हिरवं, तांबडं, हिरवं, तांबडं. बोल्ट आवळून मी मागं सरलो. दुकानदार माझ्याही मागं. पैलवान बैलगाडीच्या चाकाआड जाऊन बसला होता.

"मी फिरवतो," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचून हँडल धरलं.

पंखा थरथरला नाही. उलटला नाही. काहीच झालं नाही. मऊ, एकसारखा आवाज यायला लागला. सुनेनं भात सोडलं. दाणा पायाशी ढीग करत पडला आणि फोलपट बरोबर ताडपत्रीच्या पलीकडच्या कडेला गेलं. आक्का फिरवत होत्या, एका हातानं, मधेच सुनेला काहीतरी सांगत, श्वासही न लागता. एक बुट्टी, दुसरी, तिसरी. दुकानदार आणि मी तोंड उघडं टाकून उभे होतो. ज्याला आम्ही दोघांनी जन्मभर मूर्खपणा म्हटलं, तो आमच्यासमोर फिरत होता आणि त्याचं वारं आमच्या दोघांच्याही वाऱ्यापेक्षा चांगलं होतं.

"दे मग दोन," आक्का म्हणाल्या. "सेट फोड."

मी सेट फोडला.

बांधाबाहेर येऊन चपला घातल्यावर दुकानदार आणि मी पोटभर भांडलो. कोण जिंकलं? मी म्हणालो मी, कारण विकली माझी पाती. तो म्हणाला तो, कारण उरलेली दोन त्याच्या कंपनीची. शेवटी पैलवान कंटाळून म्हणाला, "बरोबरीत सोडवा की. मला भूक लागल्या." दुकानदारानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "तुझी पाती काउंटरवर ठेवतो, अण्णा. पर जोडीनं. चार न्हाय."

पुढची काही वर्षं इतकी भरभराटीची गेली, की तशी मी दुसऱ्या कुणाच्याही बोळात पाहिली नाहीत. आक्कांच्या खळ्याची बातमी त्या हंगामातच वाड्या-वस्त्यांवर पसरली. लोक दुकानात येऊन मागायचे, "दोन हिरवी, दोन तांबडी द्या." दुकानदार आता कंपनीचाही सेट फोडायला लागला. त्यानं मला सुचवलं, "तुझ्या पात्याला बी हिरवा रंग मार की, पंखा एकसारखा दिसंल." मी म्हणालो, "तांबडं म्हंजी तांबडं. पायजे तर घ्या, नसलं तर राहू द्या." त्याला घ्यावीच लागली, कारण गिऱ्हाईक रंग बघूनच घेत होतं. कुठल्याही गावाच्या खळ्याजवळून गेलो आणि चक्रात तांबड्या रंगाची झाक फिरताना दिसली, की मी सायकल थांबवून उगाच चेन बघायचो. ती माझी होती. कुणी लोकल म्हणत नव्हतं.

मग दोन हजार साल उलटल्यानंतरचा एक हंगाम आला. दुकानदाराकडून मागणी आली नाही. मी वाट बघितली आणि मग पिशवी घेऊन स्वतःच गेलो. त्यानं चहा मागवला. साखरेसारखा हसला. हसणं जरा जास्तच गोड होतं.

"नवा माल आलाय, अण्णा," तो म्हणाला आणि कंपनीचा खोका काउंटरवर ठेवला.

मी खोका उघडला. आत चार पाती होती. दोन हिरवी, पातळ, बेताच्या पिळाची. दोन तांबडी, जाड, चांगला पीळ दिलेली.

मी एक तांबडं पातं उजेडात तिरकं धरलं. माझ्या डायला, म्हणजे पातं दाबायच्या साच्याला, एका कोपऱ्यात ठेच लागली होती. एकदा हातोडा निसटला होता, त्याची. त्यामुळं माझ्या प्रत्येक पात्याच्या मुळाशी डाळीएवढा खळगा उठायचा. वाऱ्याला त्याचा काही फरक पडत नव्हता, म्हणून मी डाय बदलली नव्हती. कंपनीच्या पात्याच्या मुळाशीही, त्याच जागी, डाळीएवढा खळगा होता. माझ्या हातातून निसटलेला हातोडा त्यांनी जसाच्या तसा उतरवून घेतला होता.

"ह्ये माझं पातं हाय," मी म्हणालो.

"तुझं कसं? खोका कंपनीचा हाय की."

"ह्यो खळगा बघा. माझ्या डायची ठेच हाय ती!"

"आसंल, अण्णा," दुकानदार म्हणाला. "पर आता सेट पुरा येतोय त्यांचा. मग तुझी जोडी मी कशाला ठिऊ?"

मी ओरडलो, काउंटरवर हात आपटला, माझं आणि कंपनीचं पातं शेजारी धरून जमलेल्या लोकांना खळगा दाखवला. लोकांनी तो वाकून, चष्मा लावून पाहिला. एकानं कौतुकानं मान हलवली. कशाचं कौतुक, ते तेव्हा मला कळलं नाही.

ते पुढच्या आठवड्यात कळलं. कोडोलीचं दार बंद झालं म्हणून मी गडमुडशिंगीच्या बाजूच्या गावातून पाती विकत फिरत होतो. एका शेतकऱ्यानं माझं तांबडं पातं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मुळाशी अंगठा फिरवला आणि नेमका खळग्यावर थांबवला. माझ्याकडं बघून तो हसला.

"पावणं," तो म्हणाला, "ही खूण कंपनीच्या मालावर असती. नक्कल झकास केलीसा की!"

मी त्याच्या हातातून पातं ओढून घेतलं आणि भर रस्त्यात त्याला सगळं सांगायला लागलो: डाय, हातोडा, आक्का, खळं, पैलवान. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग कंपनीपरास स्वस्त देणार न्हवं?" तो म्हणाला.